गप्प केलेला वारा

खरं बोलणाऱ्या यंत्राला तुम्ही कधी गप्प केलंय? मी केलंय — आणि हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही, ज्यांच्या शेतकरी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकलो.

कापसावर फवारणी करणारी माणसं विषबाधेने दवाखान्यात जात होती, ती वर्षं. नेरमध्ये आम्ही चौघा मित्रांनी एक डबा बनवला. वर वाऱ्याची दिशा टिपणारं पातं, खाली दिवा. हिरवा — फवारा. लाल — थांबा, विष अंगावर येईल. प्रोग्राम माझा, सी भाषेतला. निर्णय घेणाऱ्या फंक्शनकडे दोन गोष्टी जात: ऊन आणि वारा. उन्हाचं गणित झालं होतं. वाऱ्याचं — नंतर करू म्हटलं.

लॅपटॉपवरच्या कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने, लगेच इशारा दिला: ‘वारा’ हा पॅरामीटर घेतला, पण वापरलेला नाही. एकही इशारा शिल्लक असेल तर डबा शेतात न्यायचा नाही, हा आमचा नियम. फळ्यावर माझ्याच अक्षरात. प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी. मी ‘वारा’च्या आधी व्हॉइड लिहिलं, म्हणजे ‘हा मुद्दामच वापरत नाही’ — तो गप्प. डब्यातल्या चिपचा कंपायलर वेगळा. तो म्हणाला, या ओळीचा काहीच परिणाम नाही. मग मी वाऱ्यात वाराच भरला — दिसायला वापरला, हिशेबात नाही. तोही गप्प. तेवढ्या वेळात खरं गणित झालं नसतं? झालं असतं.

सकाळी शेषरावकाका पंप पाठीवर घेऊन उभे — बाबांसोबत गावोगाव पत्रकं वाटलेले. तोंडाला फडकं. पातं गरकन फिरलं. दिवा हिरवाच.

“बाबू, वारा तं तोंडावर येऊन राह्यला. हा कायले हिरवा?”

“काका, जन्मभर पत्रकांवर भरोसा ठेवला, मशीनवर नाही?”

“ठेवतो ना बापा. तू बनवलं म्हणून ठेवतो.”

मला तेव्हाच माहीत होतं. पूर्ण माहीत होतं.

दुपारी ते बांधावरच कोसळले. वाचले, पण डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो, माणूस नाही. आणि मी सगळ्यांना सांगितलं — काकांनी फडकं बांधलं नव्हतं.

परवा नवा कंपायलर बसवला, जुना प्रोग्राम त्याला दिला. एकच ओळ आली: ‘वारा’ स्वतःलाच दिला आहे. भर दुपार, खिडक्या बंद, पंखा बंद. कपाटावरच्या जुन्या डब्याचं पातं हळूच वळलं — आणि माझ्या तोंडासमोर थांबलं. दिवा हिरवा. त्याची बॅटरी मी कधीच काढली होती.

याच प्रोग्रामचे आणखी काही डबे तेव्हा झरी जामणी तालुक्याकडे गेले. कुणाकुणाकडे, आम्ही लिहून ठेवलं नाही. तुमच्या शिवारात एखादा दिसला तर आजच फोडून टाका. कुणी काहून म्हणून विचारलं, तर सांगा — शेषरावकाकांनी फडकं बांधलं होतं.