अर्जदार प्यालेला होता

"तुझा बाप रोज किती प्यायचा?"

वकिलानं विचारलं तेव्हा त्याच्या ऑफिसात आणखी दोघं चहा पीत बसले होते. मी टेबलासमोर उभी.

"बाबा पीत न्हाईत, साहेब."

तो त्या दोघांकडं बघून हसला. "तुमच्यातला गडी आणि पीत न्हाई? घेऊन ये की एकदा. हार घालतो त्याला."

तिघंही हसले. मीपण हसले. होय, हसले. बाबांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापलेला, आणि मी वकिलाला राग येऊ नये म्हणून दात काढले. ते आठवलं की आजही तोंड कडू होतं.

पण हाच एक वकील उरला होता. आधीच्या तिघांनी समोरच्याचं नाव ऐकूनच कागद परत दिलेले. बाबांना उडवलं ती गाडी चालवणारा एका पुढाऱ्याचा पुतण्या.

बाबा फाउंड्रीत कामाला. सुटी झाली की सायकलनं गडमुडशिंगीला घरी यायचे. त्या दिवशी गाडीनं मागून उडवलं. पुतण्या दार उघडून उतरला तो रस्त्यावरच पडला. ओकला. बघितलं साऱ्यांनी. जबाब द्यायला कुणी नाही. उलट पुढाऱ्याच्या माणसांनीच पोलिसांत लिहून दिलं, सायकलवाला प्यालेला होता, आडवा आला.

आम्ही बौद्ध. बाबांनी विसाव्या वर्षी पंचशील घेतलं, तेव्हापासून थेंब नाही. वस्तीतला गुत्ता बंद करायला दारोदार फिरले, त्यापायी मार खाल्ला. त्या माणसाला दारुडा म्हणत होते.

वकिलानं कागद पुढं सरकवला. "अर्धी चूक आपली म्हणू. ते तडजोड करून थोडी भरपाई देत्यात. न्हाईतर बस धा वर्सं. बापाची सही आण."

घरी आले. बाबांना वाचून दाखवायला लागले. एक ओळ गाळली. बाबांनी ओळखलं.

"मधी काय हाय?"

वाचलं. 'अर्जदार मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत होता.'

मला वाटलं, आता ते कागद फाडतील. ते म्हणाले, "पेन दे."

"बाबा, तुम्ही?"

"तुझी आई लोकांच्या रानात भांगलतीया. मी खाटंवर बसून खातोय. नाव घिऊन काय चाटू?"

त्यांनी पेन धरलं. मी ते पेन ओढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा बापाच्या हातातून काही हिसकावलं.

"दे म्हणतो न्हवं!" बाबा ओरडले. आई दारात येऊन उभी राहिली. तीही माझ्या बाजूनं बोलली नाही. मी दिलं नाही. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेले.

"फाईल द्या."

"घेऊन जा. दुसरा कोण उभा ऱ्हातोय बघू."

"मी ऱ्हाते."

"कायदा शिकलीस?"

"बारावी झालीया. वाचता येतंय."

या वेळी मी हसले नाही.

फाईल वाचायला चार दिवस गेले. इंग्रजी शब्द एकेक करून मोबाईलवर बघितला. बाबांना दाखल करताना डॉक्टरनं लिहिलं होतं, तोंडाला दारूचा वास नाही. हा कागद वकिलाकडं पहिल्यापासून होता. आणि पुतण्याचं रक्त तपासायला कधी घेतलं? दुसऱ्या दिवशी, दुपारी.

कोर्टात बाबांच्या वतीनं बोलायचं तर त्यांचं अधिकारपत्र लागतं, असं कोर्टातला कारकून म्हणाला. लिहून पुढं धरलं. बाबांनी सही केली. माझ्याकडं बघितलं नाही. अजून धड बोलत नाहीत. आई सकाळी खुरपं घेऊन जाते, ती दिवस बुडताना येते.

पहिल्या तारखेला पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "अर्जदाराचे वकील कुठं आहेत?"

"न्हाईत, साहेब. मी मुलगी."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी कागद बघितला आणि पुढची तारीख दिली.

कदाचित आम्ही हरू. मला ते कळतं. पण एक दिवस तो पुतण्या साक्षीला उभा राहील. त्याचा पुढारी चुलता मागं बसलेला असेल. मी वहीत एकच प्रश्न लिहून ठेवलाय.

"तुझं रक्त द्यायला दुसऱ्या दिवशीची दुपार का उजाडली?"

अरेतुरेतच विचारणार. मोठ्यानं.