गाळातली बाटली

आमचा मामा समुद्राच्या तळाचा गाळ काढणाऱ्या जहाजावर कामाला होता. लांब लोखंडी नळी तळात खुपसायची, भरून वर ओढायची आणि शास्त्रज्ञांनी त्या गाळात जुन्या काळचं हवामान शोधायचं, असं ते काम. तळाचा गाळ बर्फासारखा गार. म्हणून प्रत्येक सफरीत पहिला गाळ वर आला की मामा त्यात सोड्याची बाटली खुपसायचा आणि सगळे घोट घोट प्यायचे. त्याशिवाय पुढच्या कामाला कुणी हात लावत नसे.

मामेबहिणीने धक्क्याला लागून घर घ्यायचं काढलं तेव्हा, समुद्र तापून वर चढतोय म्हणतात, म्हणून मामी कुरकुरली. मामाने बोट नाचवलं. "इतकी वर्षं हे बोट गाळात घालतोय. तसूभर फरक नाही. म्हणे समुद्र तापतोय! घे गं तू घर." घरात मामीसमोर एवढ्या जोरात तो पहिल्यांदाच बोलला असेल.

शेवटच्या सफरीत त्याने हेच जहाजावरच्या शास्त्रज्ञ बाईंना ऐकवलं. बाई हसल्या नाहीत.

"मामा, बोटाला कळेल एवढा फरक नाहीच तो. यंत्रालाही जेमतेम कळतो. पण टोपभर पाणी कोमट करायला चार काटक्या पुरतात. अख्खी विहीर जराशी जरी तापली, तर खाली केवढा जाळ असेल?"

"पण तो सगळा जाळ समुद्र गिळतोय ना?"

"गिळतोय. ढेकर अजून दिलेला नाही."

मग त्यांनी नळी उभी चिरून दाखवली. खाली करडा गाळ, वर करडा, मध्ये एक काळी रेघ.

"मागे एकदा समुद्र असाच तापला, तेव्हा इथे खोल पाण्याचं वाहणं मंदावलं आणि वर ऋतूंची घडी विस्कटली."

"किती वर्षं लागली?"

"रेघेच्या या कडेला जन्मलेली मुलगी त्या कडेला आजी झाली असेल."

त्या दिवशी बाटली गाळातच राहिली, कुणी मागितलीही नाही.

परतल्यावर तो थेट मुलीकडे गेला. नात झाली होती. पाळणा समुद्राकडच्या खिडकीपाशी होता.

"हे घर सोड," मामा म्हणाला.

"आता?" ती हसायलाच लागली. "बाबा, बोट घालून तुम्हीच बघितलंत ना? गार आहे म्हणालात."

मामा नातीच्या इवल्या मुठींकडे बघत राहिला. मग त्याने पाळणा उचलला आणि पार मागच्या भिंतीला टेकवला. त्या भिंतीपाशी घर संपत होतं.