अनसूयाबाईंची बांधी

अनसूयाबाई रोज सकाळी धानाच्या बांधीत उतरायच्या आणि पोटरीभर पाण्यात नुसत्या उभ्या राहायच्या. बारक्या मासोळ्या पायाला टोचू लागल्या की म्हणायच्या, "आल्या बाप्पा! आता कामाले लागू." आरमोरीकडच्या आमच्या गावात शेणखत आणि पालापाचोळ्यावर धान पिकवणाऱ्या त्या एकट्याच.

माझी बांधी त्यांच्या वरच्या अंगाला. मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध फोडला की माझं पाणी त्यांच्याकडे उतरायचं. त्या वर्षी तुडतुड्यांची कीड पडली, धान बुडापासून करपू लागलं आणि माझं डोकंच फिरलं. बाईंकडे धावलो.

"माह्या बांधीत जाळेवाले कोळी आहेत, तुडतुडे खाऊन टाकतील. तुह्यात कोळी राह्यले कुठी? दरसाल फवारून राह्यला तू," त्या म्हणाल्या. "थोडं थांबून पाह्य."

मी कसला थांबतोय! धुरा फोडून पाणी काढलं, औषध फवारलं आणि धुरा बुजवायचा साफ विसरलो. रात्री पाऊस कोसळला.

सकाळी उघडा धुरा पाहिला. तसाच बाईंच्या घरी पळालो. चुलीवर मासोळ्यांचं कालवण रटरटत होतं. पावसानं बांधीत मासे चढले, की त्या गल्लीभर कालवणाचे वाटे द्यायच्या.

"बाई, खाऊ नका! माह्या बांधीतलं औषध तुमच्या पाण्यात आलं!"

त्यांच्या हातातला डाव थांबला. "अरे, आताच गल्लीत वाटे देऊन आली मी, पहिला तुह्याच घरी! पोरीले आवडते म्हणून."

मी कसा धावलो ते मलाच ठाऊक. मुलीनं घास उचलला होता. ताट हिसकावलं, ती भोकाड पसरून रडली. तोवर बाईंनी घरोघरी जाऊन भांडी गोळा केली. नशीब, कुणी खाल्लं नव्हतं. "पाणी बिघडलं" एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, माझं नाव घेतलं नाही.

शेवटी सगळं कालवण ओतलेली बादली माझ्यासमोर ठेवली. "पुरून टाक."

"तुमच्या बांधीत?"

"नाई. माह्या मातीनं काय केलं? तुह्याच बांधीत पुरून टाक."

धुऱ्याच्या कडेला हातभर खणलं. त्या ओल्या मातीत एकही गांडूळ निघालं नाही. बाईंनी वाकून मूठभर माती उचलली.

"कधी मेली रे ही माती? तुले समजलं बी नाई?"

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मी फवारणं सोडलं, शेणखत टाकतो. तरी दर पावसाळ्यात तिथं खणतो आणि गांडूळ शोधत माती बोटांनी चाळत राहतो.