तुळयांची टोकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण माझं काम पाहून तुम्ही मान डोलावलीत आणि मला ते आवडलं — खोटं कशाला बोलू?

वाड्याचा नमुना करावा तर मीच. पुण्यात दुसरा नाही, हे आजही म्हणतो. कागदावरच्या रेघा यजमानांना कळत नाहीत. म्हणून मी हाताला बोटभर माप धरून अख्खा वाडा लाकडात करायचो — जोतं, भिंती, जिना, सगळं. शनिवार पेठेतल्या सरदारांच्या वाड्याला तर कमाल केली. माडी अलगद उचलायची आणि खालच्या खोल्या बघायच्या! सरदार स्वतः तीनदा उचलून बघत बसले.

आता माडी उचलायची, तर तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली कशी चालतील? मी ती भिंतीच्या आतल्या अंगालाच कापली. खऱ्या वाड्यात ती हातभर भिंतीत जायला हवीत, सगळा भार तिथेच पडतो. हे सुताराला सांगायला नको होतं का?

सुतार म्हणजे विठोजी. माझ्याहून वडील, बोलणं मोजकं. साग कापण्याआधी तो विचारायला आला होता. "तात्या, माप नमुन्याचंच धरू? टोकं तोकडी वाटत्यात." भोवती चार माणसं उभी होती. माझ्या नमुन्यात खोट — आणि ती सुताराने काढायची?

"आहे तसंच कापा, विठोजी," मी म्हणालो. "विचार करायला आम्ही आहोत."

त्याने कापलं. तुळया वर चढवल्या, तर त्या भिंतीपर्यंत पोचल्या, भिंतीत काही जाईनात. सरदार खाली उभे. चूक कुणाची, म्हणाले.

आणि मी — किती वेळ टाळतोय बघा — मी म्हणालो, सुताराची. नमुना उद्या आणून दाखवतो, म्हणालो. घरी जाऊन भिंतींना वरून खाचा पाडल्या, सागाचे तुकडे सरसाने तुळयांना जोडले आणि सकाळी तो पुरावा म्हणून मांडला. विठोजीने नमुना हातात घेऊन फिरवला.

"लाकूड कोरं दिसतंय," एवढंच म्हणाला. ऐकलं फक्त मी. लाकूड तासायचा वाकस उचलून तो निघून गेला. पुन्हा कुठल्याच पेठेत त्याला वाड्याचं काम मिळालं नाही. बिबवेवाडीला नांगर दुरुस्त करत राहिला, तिथेच वारला.

मी काय केलं? भिंतीचे थर उकलून तुळयांखाली दगडी टोडे बसवले, पुढे आलेले, कमळं कोरलेले. तोकड्या तुळया त्यांच्यावर ऐटीत टेकल्या. शालजोडी मिळाली. आता ज्याला त्याला माझे टोडे हवे असतात. आणि ते सुंदरच आहेत हो! त्यांच्याखालून जाताना माझी मान आपोआप वर होते. लाज वाटत नाही का? वाटते. पण आधी अभिमान, मग लाज. हा क्रम मी तुमच्यासाठी बदलणार नाही.

नमुना माझ्या फडताळात आहे. जोडलेली टोकं एव्हाना बाकीच्या लाकडाइतकीच काळवंडली आहेत, तुम्हाला ओळखू यायची नाहीत. म्हणून सांगून ठेवतो — ती सगळी मी मागाहून लावली. विठोजीने बरोबर कापलं होतं.