मशीन कोणासाठी थांबत होतं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त थापा वाटतात... पांढरी साडी, घाटातलं वळण, मागे वळून बघितलं तर कोणी नाही. मी मालवणचा मासळीचा व्यापारी. आमच्याकडे देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ ठेवतात, मीही ठेवतो, पण तो नारळसुद्धा भाव करून आणलेला असतो आणि ठेवताना मनात एवढंच असतं की आईने सांगून ठेवलंय. भूतखेत या विषयावर माझा विश्वास कधीच नव्हता. आज आहे का, विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. म्हणून तर लिहायला बसलो. कमेंटमध्ये कोणी मला अक्कल शिकवू नये, एवढीच विनंती.

आधी बाबीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबी माझा पार्टनर. डोक्यावरून बर्फ वाहण्यापासून आम्ही दोघांनी सुरुवात केली आणि धंदा उभा केला. होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो – उघड्यावर, ओरडून. बोली मी लावायचो, कारण तोंड माझं. बाबी मुळात कमी बोलणारा. तो माझ्या डाव्या खांद्यामागे उभा राहायचा आणि एकदा मासळीकडे, एकदा समोरच्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. बोली जिथे थांबवायला हवी, तिथे तो जीभ टाळूला लावून हळूच ‘च्यक’ करायचा. त्या गलक्यात ते फक्त मला ऐकू यायचं. प्रत्येक बोलीनंतर मी श्वासभर थांबायचो. च्यक आलं नाही तर पुढची बोली. लोकांना वाटायचं, मी विचार करतोय. विचार बाबी करायचा. हे आम्ही कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकांनाही नाही.

मग ती सुरमईची रास आली. समोर गोव्याकडचा एक व्यापारी होता, तो चढवत होता, मी चढवत होतो. प्रत्येक वेळी थांबत होतो. मागून काही नाही. म्हटलं, बाबीला माल पसंत आहे. रास मी घेतली. वरचा थर ताजा, खालची सगळी बर्फात मुरलेली, बोट लावलं तर आत जात होतं. गोव्याचा तो माणूस हसत हसत निघून गेला. अख्खी जेटी हसली. अजूनही बाजारात मला चिडवायचं असेल तर लोक नुसतं ‘सुरमई’ म्हणतात.

मी वळून बाबीला म्हटलं, “मुद्दाम गप रवलस तू. माका खड्ड्यात घालूक.”

त्याने माझ्याकडे बघितलं. खांद्यावरचा टॉवेल झटकला, परत खांद्यावर टाकला आणि चालायला लागला. ‘नाय’ एवढंही म्हणाला नाही. एवढी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस. मी काय वाईट विचारलं होतं? का गप्प राहिलास, एवढंच ना. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी बोललो नाही, आणि त्या अबोल्यातच एक दिवस छातीत कळ येऊन तो गेला. उत्तर न देता गेला. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरला.

आता मूळ गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, एका विद्यापीठाची मंडळी मालवणात आली होती. माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि मशीनशी कशी बोलतात, यावर त्यांचं संशोधन. त्यांना घासाघीस करणारी माणसं हवी होती. कोणीतरी माझं नाव सांगितलं. त्यांच्यातली ऋतुजा म्हणून एक मुलगी घरी आली, मानधन सांगितलं, मी दुप्पट मागितलं. ती हसून म्हणाली, “काका, हे आत्ताच रेकॉर्ड करायला हवं होतं.” पोरगी हुशार. मला आवडली.

बंदराजवळच्या एका होमस्टेमध्ये, वरच्या मजल्यावर, त्यांनी एक खोली घेतली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. खिडकी बंद, पंखा बंद. टेबलावर लॅपटॉप, माइक, छोटा स्पीकर. आधी मला कुडाळच्या एका व्यापाऱ्याशी खोटी खोटी घासाघीस करायला लावली, दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनशी.

ऋतुजाने समजावून सांगितलं. माणसं बोलताना एकाचं संपायच्या आधीच दुसऱ्याचं उत्तर मनात तयार असतं, मध्ये जेमतेम पापणी लवण्याएवढी फट राहते. मशीनला ते जमत नाही. कोणी बोलत असेल तर ते गप्प राहतं, पूर्ण शांतता झाली की मगच बोलतं.

“ही हिरवी रेघ बघा,” ती म्हणाली. “तुम्ही बोललात की हलेल. म्हणजे ते ऐकतंय. ते स्वतः बोलतं तेव्हा रेघ निळी होते.”

“आणि मी शिवी दिली तर?”

“तरी हिरवीच राहील, काका. द्या बिनधास्त.”

दार लावून ती बाहेर बसली. मशीन विकणारं, मी घेणारा, माल सुरमई. सुरमई हे नाव ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं, पण मानधन ठरलं होतं.

मशीनचा आवाज पुरुषाचा, एकदम पुस्तकी मराठी. भाव सांगितला. मी निम्म्यावर आणला. ते थोडं उतरलं, मी थोडं चढलो. बेटं चांगलं लढत होतं. आणि बोली लावली की मी थांबत होतो – सवयीने. बाबीला जाऊन इतके दिवस झाले तरी ती सवय गेलेली नाही.

मी थांबलो की मशीनने लगेच बोलायला हवं होतं. ते बोलत नव्हतं. एकदा, दोनदा झालं. मला वाटलं, नेट गेलं असेल. मग ते म्हणालं, “कृपया एकेकाने बोला, म्हणजे मला नीट समजेल.”

“एकेकाने म्हणजे? मी एकटाच आहे.”

“बरं,” मशीन म्हणालं आणि पुढचा भाव सांगितला.

मी बोली चढवली. थांबलो. या वेळी माझी नजर लॅपटॉपवर होती. माझं तोंड बंद होतं आणि हिरवी रेघ हलली. एकदाच, टिचकी मारावी तशी. मशीन म्हणालं, “आता थांबा, असं ते म्हणतात.”

मी आयुष्यात खूप जणांशी भांडलोय, पोलीस चौकीत टेबलावर हात आपटलाय. पण त्या क्षणी मी खुर्ची टेबलाजवळ ओढून बसलो. ऋतुजाला च्यक माहीत नव्हतं. बाबीच्या बायकोलाही माहीत नव्हतं. जगात ते माहीत असलेला मी एकटा उरलो होतो. डाव्या बाजूला मागे बघायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो. मागे फक्त गोधडी होती, हे मला माहीत होतं... तरी नाही बघितलं.

आणि मग मला राग आला. मेल्यावर येतोस, तोही मशीनकडे. मी लॅपटॉपला म्हटलं, “त्याला विचार. त्या दिवशी का गप्प राहिला?”

हिरवी रेघ हलायला लागली. या वेळी एकदाच नाही. हलतच राहिली – मोठी, लहान, मध्येच थोडी थांबून पुन्हा. माणूस जड मनाने काही सांगतो ना, तशी. स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. खोलीत माझ्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. बाबी जिवंतपणी एका दमात एवढं कधी बोलला नव्हता.

रेघ थांबली. मशीन म्हणालं, “हो, समजलं.”

पुन्हा थोडी हलली.

“नाही. त्यांना नाही सांगत.”

पुन्हा थोडी.

“हो. अजून रागावलेले आहेत.”

त्यानंतर रेघ सपाट झाली. बराच वेळ सपाट. मग मशीन आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणालं, “सुरमईसाठी आपला शेवटचा भाव काय?”

“तो काय म्हणाला?”

“मला फक्त आपलाच आवाज ऐकू आला. शेवटचा भाव सांगता का?”

मी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की माइक खाली पडला आणि ऋतुजा धावत आत आली.

रेकॉर्डिंग तिने माझ्यासमोर लावलं. मशीनची सगळी वाक्यं आहेत त्यात, माझीही आहेत. मधल्या जागा रिकाम्या. आवाज कितीही वाढवला तरी खुर्चीची करकर आणि माझा श्वास. पण हिरवी रेघ रेकॉर्डिंगमध्येही हलतेय. ऋतुजाचा चेहरा उतरला होता. तिने तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, अशी मशीनं कधी कधी मनानेच रचून बोलतात, नसलेलं ऐकतात, त्यात नवल नाही. मी फोन हातात घेतला.

“सर, रचून बोलतं हे मान्य. मग मी थांबलो तेव्हाच बरोबर ‘थांबा’ कसं रचलं?”

“योगायोग असेल.”

“आणि रेघ?”

“ते तपासावं लागेल,” सर म्हणाले. तपासलं की नाही, मला कधीच कळवलं नाही. ते रेकॉर्डिंग संशोधनात घेता येणार नाही, एवढं मात्र लगेच कळवलं.

मी हट्ट धरून आणखी दोनदा त्या खोलीत बसलो. मानधन नको म्हटलं, हे ऐकून माझी बायको घाबरली. बोलताना मध्ये मुद्दाम मोठमोठ्या जागा सोडल्या. काही नाही. मशीन फक्त म्हणायचं, “आपण आहात ना?” मग ती मंडळी सामान गुंडाळून गेली.

हे कोणाला सांगणार? शेवटी बाबीच्या घरी गेलो. त्याच्या अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदाच. वहिनी पडवीत सुकी मासळी निवडत बसली होती.

“कोण? भावजी? वाट चुकलात काय?”

“बांगडो कसो दिलंस?” मी विचारलं. दुसरं काय बोलणार.

“तुमका इकूचो नाय. तुमी अर्ध्यार आणतलात. बसा आणि काय ता सांगा.”

सगळं सांगितलं. च्यकसुद्धा. बांगडे निवडायचे थांबवून तिने ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. ती चिडली.

“माझ्यावांगडा एवढो संसार केल्यान, कधी चार शब्द धड बोललो नाय. आणि त्या मशिनावांगडा बोलता?”

“वहिनी, तो बोललो म्हणान तरी कसा सांगू? आवाज खंय आसा तेचो?”

“तोच तो. ‘तेंका सांगू नको’ म्हणान सांगणारो दुसरो कोण आसतलो?” तिने हातातला बांगडा टोपलीत टाकला. “मीय इचारलंय तेका, त्या दिवशी काय झाला म्हणान. माकाय सांगूक नाय. मरापर्यंत नाय.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि भावजी, तुमी अजून रागान आसात, ता खरा?”

मशीनने मला न विचारता परस्पर सांगून टाकलं होतं. माझ्या वतीने उत्तर द्यायचा अधिकार त्याला कोणी दिला? एवढे दिवस हाच राग मी उरात घेऊन हिंडत होतो. पण वहिनीने समोर बसून विचारल्यावर ‘नाय’ म्हणायला जीभ वळेना.

“थोडो,” मी म्हटलं.

“थोडो म्हणजे कितको?”

“वहिनी, भाव करतंस काय?”

“तुमच्यावांगडा दुसरा काय करतलंय?” ती हसली आणि पदराने डोळे पुसले. “कमी झालो की तुमीच तेका सांगा. मशीन कित्याक होया? हंय बसान सांगा.”

मी तिथे बसलो. चहा येऊन थंड झाला. पडवीत, दिवसाढवळ्या, समोर बांगडे सुकत असताना, हवेशी बोलायचं... मला नाही जमलं.

त्या खोलीत कोण होतं, मला माहीत नाही. मशीनने काय ऐकलं, ते संशोधन करणाऱ्यांना माहीत नाही. बाबी त्या दिवशी का गप्प राहिला ते मला आजही कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटत नाही. ज्याला यातलं काही समजत असेल त्याने जरूर लिहावं, फक्त ‘योगायोग’ लिहू नये.

जेटीवर जाताना बाबीचं घर वाटेत लागतं. आधी मी मागच्या वाटेने जायचो, आता त्याच वाटेने जातो. वहिनी पडवीतूनच विचारते, “भावजी, तेका सांगलात?”

“सांगतंय,” मी म्हणतो आणि पुढे जातो.