धूर कुठं जातो तुमचा?

कुणाच्याही घरात शिरल्या की बाई आधी वर बघत. घरातली माणसं खाली, पाट खाली, पाण्याचा तांब्या खाली. आणि ह्या आपल्या मान वर करून वाशांकडे बघत उभ्या. वाशांवर काजळी किती, जळमटं किती काळी, कौलांतून उजेड येतो की नाही, हे सगळं बघून झालं की मग नजर खाली यायची आणि घरच्या बाईला पहिला प्रश्न असायचा, "धूर कुठं जातो तुमचा?"

मुलंबाळं किती, शेत किती, असं विचारणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. धुराची विचारपूस करणारं माणूस मी एवढं एकच पाहिलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी वसईजवळ तुळिंजच्या शाळेत शिकवत होते. तेव्हाचं तुळिंज म्हणजे भातशेतं, ताडाची झाडं आणि मधूनमधून घरं. पुढे खाडीच्या बाजूला खाजणातली, भरतीच्या खाऱ्या जमिनीतली छोटी गावं. बाई सरकारच्या ग्रामविकासाच्या कामावर घाटावरून आल्या. एकट्या बाईमाणसाला खोली कोण देणार, म्हणून माझ्याच खोलीत राहिल्या. शिवण शिकवणं, विहिरीत औषध टाकणं, बाळंतिणीची चौकशी, ही कामं त्यांच्याकडे होतीच. पण त्यांचा जीव चुलीत होता. बिनधुराची चूल! मातीची, बाजूनं बंद केलेली, मागं कुंभाराकडचे भाजलेले नळ एकावर एक जोडून भिंतीबाहेर काढलेली. धूर नळातून बाहेर जायचा आणि रांधणारीचे डोळे शाबूत राहायचे.

एकदा मी त्यांना विचारलं, एवढं काय आहे हो त्या चुलीत? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या आईला सगळे जन्मभर दमेकरी म्हणाले, मास्तरीणबाई. दमा कसला आलाय? चूल होती ती." मी पुन्हा कधी विचारलं नाही.

गावांनी त्यांचं स्वागत केलं ते आपल्या पद्धतीनं. पोरं त्यांना "धूरबाई" म्हणायची आणि त्या दिसल्या की "धूर आला, धूर आला" करत पळायची. बायका चूल घालून घ्यायच्या, तिला हळदकुंकू वाहायच्या आणि स्वयंपाक शेजारच्या जुन्या चुलीवर करायच्या. बाईंची चाहूल लागली की जुन्या चुलीतला निखारा घाईघाईनं नव्या चुलीत. पण बाई पक्क्या होत्या. बोलता बोलता नळाला हात लावून बघायच्या, गरम आहे की गार. गार लागला की रागवत नसत. उलट आपलाच काहीतरी गुन्हा झाल्यासारखा चेहरा करून म्हणत, "ओढ कमी आहे वाटतं नळाला. उद्या येते पुन्हा."

गंमत अशी, की आमच्या खोलीत आम्ही रॉकेलच्या स्टोवर रांधायचो आणि तो मेला इतकी काजळी ओकायचा की आमचीच भिंत काळी झाली होती. त्याची त्यांना फार लाज. कुणी दारात आलं की त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या.

खाजणातल्या एका गावात ताराबायचं घर होतं. पहिल्या दिवशी मीही बरोबर होते. बाईंनी वर बघितलं, वासे डांबर फासल्यासारखे. नेहमीचा प्रश्न आला, "धूर कुठं जातो तुमचा?"

ताराबाय चुलीपुढून डोळे पुसत म्हणाली, "जातो कुठं? हितंच असतो. आमच्यासंगं जेवतो नि आमच्यासंगंच निजतो."

आम्ही तिघीही हसलो. पण कोपऱ्यात तिची सून चंद्री बसली होती, मांडीवर वर्षाचं पोर घेऊन. त्या पोराची छाती भात्यासारखी चालत होती. बाईंचं हसू तिथंच थांबलं. वसईच्या डॉक्टरानं औषध दिलं होतं आणि पोराला धुरापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं होतं. ताराबाय म्हणाली, "चुलीपासून लांब ठेवायचं, मंग रांधायचं कोनी? नि पोराला पाजायचं कोनी? डाक्टरानं?"

दिवाळी झाल्यावर बाईंनी त्या घरात चूल घातली. माती चंद्रीनं मळली. बाईंच्या बरोबरीनं, कोपरापर्यंत हात भरवून. बाईंनी जुनी चूल मोडायला लावली, कारण पोराचा प्रश्न होता. आणि खरंच सांगते, संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा ते पोर अंगणात रांगत होतं आणि छातीतली ती शिटी थांबली होती. नळ गरम होता. बाईंनी नळावर हात ठेवला तो कितीतरी वेळ काढलाच नाही. मी त्यांना इतकं खूश पुन्हा पाहिलं नाही.

त्याच दिवशी ताराबाय सहज म्हणाली, "बोंबील मात्र यंदा नरमच ऱ्हायले गो." बाई हसून म्हणाल्या, "धुराचा वास नाही ना आता त्यांना! जरा दिवस जातील सवय व्हायला." ताराबायही हसली. पाहुण्याचं बोलणं खोडायची त्या घरात रीत नव्हती.

आता मला सांगा, घाटावरच्या माणसाला हे कसं कळावं? त्यांच्याकडे धान्य पेवात, जमिनीखाली. हवा कोरडी. इथं खाडीची दमट हवा, मिठाची. इथं बियाणं पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधतात आणि चुलीच्या वर माळ्याला टांगतात, सुके बोंबीलही तिथंच. वर्षभर त्याला धूर लागतो, म्हणून कीड लागत नाही. ही गोष्ट गावात कुणी कुणाला सांगत नसे, कारण ती सगळ्यांना ठाऊकच होती. आणि ताराबायची जमीन खारी. तिच्यात फक्त राता भात पिकायचा, तांबडा. तो घरचाच राखायचा, बाजारात मिळायचा नाही.

मृगाच्या तोंडावर ताराबायच्या मुलानं मुड्या खाली काढल्या आणि अंगणात सोडल्या. पेंढा उलगडला तशी किडीची बारकी करडी पाखरं भुर्रकन उडाली. आत टरफलं आणि भुकटी. सगळ्या मुड्यांत तेच.

बाईंना कुणी बोलवलं नव्हतं. त्या आपल्या नेहमीसारख्या नळ बघायला गेल्या होत्या, मी बरोबर होते. अंगणात शेजारपाजार जमला होता. ती पाखरं अजून उडत होती. काही ताराबायच्या केसांत बसली होती. बाईंना आधी समजलंच नाही. मग एका म्हाताऱ्यानं नुसतं वर बोट केलं, माळ्याकडे. लख्ख माळा. वासे आता काळे राहिले नव्हते, घासून काढले होते. चंद्रीनं घासले होते, बाईंना दाखवायला.

ताराबाय उठली. ओरडली नाही. चारचौघांत एवढंच म्हणाली, "पोराचा खोकला घालवलास, बाय, नि पोराचं पोट मारलंस."

बाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. मला वाटलं, काहीतरी सांगतील, मला माहीत नव्हतं म्हणतील. त्या नुसत्या वळल्या आणि वाटेला लागल्या. वाटेत मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" तर म्हणाल्या, "ती बोंबलांचं सांगत होती हो. मी हसले." पुढचा सगळा रस्ता त्या हेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी हसले." त्यांच्याकडे बघवत नव्हतं. लाज माणसाला अशी आतून पोखरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

रविवारी सकाळी त्यांनी गोणपाट उचललं आणि निघाल्या. मी छत्री घेऊन मागोमाग. कुठं, तर ज्या ज्या गावांनी त्यांच्या चुलींना नकार दिला होता तिथं! दार लावून घेणाऱ्या, "आमचा धूर आमाला बरा" म्हणणाऱ्या बायकांच्या दारात. राता भाताचं बियाणं मागायला.

पहिल्याच घरात शिरल्या आणि मला एकदम जाणवलं, बाईंनी वर पाहिलंच नाही. जमिनीकडे बघत उभ्या. घर धुरानं भरलेलं, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई खोकला दाबत होत्या, खोकणंसुद्धा त्या घराचा अपमान होईल म्हणून. अडखळत त्यांनी काय हवं ते सांगितलं. ती घरधनीण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी अजून मान खालीच घातलेली.

"वर बघा की, बाई," ती म्हणाली. "वर हाय बियानं."

तिनं मुडी सोडली आणि ओंजळी भरभरून गोणपाटात टाकलं. काजळीनं काळपट झालेलं, एकाही दाण्याला कीड नाही. "बियान्याला नाय बोलायचं नसतं," ती म्हणाली. पुढच्या घरानंही दिलं, त्याच्या पुढच्यानंही. कुणी थोडं, कुणी बरंच. एकाही बाईनं टोमणा मारला नाही. मारला असता तर बाईंना बरं वाटलं असतं असं मला वाटतं.

गोणपाट घेऊन आम्ही ताराबायच्या दारात गेलो. तिनं सूप पुढं केलं. दाणे हातात घेऊन बघितले, दाताखाली एक चावून बघितला आणि आत गेली. बाईंना बस म्हणाली नाही. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. नळ फोडलेला. जागेवर तीन दगड मांडलेले आणि धूर पुन्हा घरभर. आतून पोराचा खोकला ऐकू येत होता. चंद्रीनं आमच्याकडे पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं.

त्यानंतर बाईंनी कुणाला तो प्रश्न विचारला नाही. शिवण शिकवत, औषध टाकत, खाली मान घालून घरात जात, खाली मान घालून बाहेर येत. पोरांनीही ओरडणं सोडलं. त्यांना मजा येईना. श्रावणात त्या ट्रंक घेऊन निघून गेल्या. बदली मागून घेतली म्हणाल्या. जाताना ती काळी भिंत चुन्यानं सारवून गेल्या.

पुढच्या वर्षी माघात मला ताराबायचा निरोप आला, येऊन जा. मला तिचा रागच होता. चार लोकांत एका परक्या बाईला तोडून बोलली, हे मी विसरले नव्हते. तरी गेले.

तिनं माझा हात धरला आणि सरळ चुलीपुढं नेलं. "वर बघ," म्हणाली.

चूल बिनधुराची होती. चंद्रीनं घातली होती, स्वतःच्या हातांनी, शिकली होती तशी. पण नळ भिंतीतून बाहेर काढला नव्हता. तो सरळ वर गेला होता, फळ्यांमधून माळ्यावर. माळ्याला खालून फळ्या ठोकून बंद केलं होतं. धूर वर मुड्यांमध्ये, बोंबलांमध्ये फिरत होता आणि कौलांच्या फटींतून बाहेर जात होता. खाली हवा स्वच्छ. चुलीजवळ ते पोर पाटावर बसून भाकरी खात होतं आणि भाकरीपेक्षा बडबड जास्त करत होतं.

"त्या बायला सांग, धूर कुठं जातो ते," ताराबाय म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नि सांग, मी वंगाळ बोलले. तिनं बियानं आनलं नसतं तर आमी काय पेरलं असतं? मी तिला बस पन बोलले नाय. मला लाज वाटते गो."

मी कुठं सांगणार? तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारलं. बाईंनी नोकरीच सोडली, गावी गेल्या, एवढंच कळलं. कुठलं गाव ते कुणाला सांगता येईना. घाटावर म्हणे. घाटावर काय एक गाव आहे?

तुळिंजला होते तोवर मी वर्षातून एकदा तरी ताराबायकडे जायची. दर वेळी ती विचारायची, "लागला पत्ता?" मी नाही म्हणायची. नळाच्या तोंडाशी एक लहान मुडी वेगळी टांगलेली असायची. नवं पीक आलं की जुनी सोडून नवी बांधायची. ती बाईंची होती. "तिनं आनलेल्यातलंच हाय हे," ताराबाय म्हणायची.

एकदा मी म्हटलं, अगं, इतक्या वर, धुरात कशाला टांगतेस? खाली ठेव कुठंतरी, आली तर हाताशी असेल.

"नको," ती म्हणाली. "ती आली तर पयलं वरच बघल."