पाया पडून हाणलेली काठी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे विसरलो. अकोल्याच्या ठाण्यावरचे ते खुनाचे प्रकरण मात्र आठवले की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. बार्शीटाकळीकडून एक म्हातारा शेतकरी कापसाची गाडी घेऊन अकोल्याला निघाला. सोबत राखणदार होता, अमरावतीच्या आखाड्यात तयार झालेला काठीवाला. भर दुपारी राखणदार बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला. परत येतो तर म्हातारा डोके फुटून गाडीपाशी मरून पडलेला.

ठाण्यात वर्दी दिली ती एका अडत्याच्या भाच्याने. "राखनदारानंच मारलं. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

झाले! तपास माझ्याकडे येण्याआधीच जमादाराने राखणदाराला कोठडीत घालून कबुलीसाठी त्याच्या उजव्या हाताची बोटे मोडली होती. गरीब माणूस, त्यातून आखाड्याचा. त्याला फासावर चढवायला आणखी कसला पुरावा लागतो? वर्दी देणारा भाचा मात्र ठाण्याच्या ओसरीवर पान खात बसलेला!

दोन दिवसांनी कापूस वेचणारी एक बाई भीत भीत ठाण्यात आली. म्हणाली, "तोंड नाई दिसलं साहेब, लई दूर होती मी. पन मारनाऱ्यानं आंधी वाकून भुईले हात लावला, मंग कपायाले. मले वाटलं, बुढ्याच्या पाया पडून राह्यला. तं त्यानं काठीच हानली!"

जमादार खूश. "घ्या साहेब! आखाड्यातली सलामी. आता तं पक्कंच झालं."

मीही त्याच आखाड्याच्या मातीत वाढलो होतो. कोठडीत जाऊन राखणदाराला बाईचे म्हणणे सांगितले. तेवढ्या वेदनेतही तो चिडला. "साहेब, तुमी बी काठीवाले ना? रस्त्यावर काठी उचलतानी कोन पाया पडते? समोर डाकू असला तं वाकाले वखत कुठं असते? पयल्याच राखनदारीत सुटते थे सवय."

अगदी खरे होते. सलामी आखाड्यातली. ज्याने जन्मभर फक्त आखाड्यातच काठी फिरवली, त्याच्याच अंगात ती बसलेली असते.

भाच्याला आत बोलावले. विचारले, "कधी काठी धरली आहे?"

"छ्या! आमी तागडीवाले लोक. आमाले काठीतलं काय समजते?"

"असू दे. राखणदाराने कशी मारली, तेवढे दाखवा."

मी काठी पुढे केली. त्याने ती घेतली, झटकन वाकून भुईला हात लावला, कपाळाला लावला आणि काठी उचलली. उचललेली काठी तशीच वर राहिली. दाराशी बसलेली बाई ओरडली, "असाच! असाच वाकला होता थो!"

आपण काय केले ते तेव्हा त्याच्या लक्षात आले. मग सगळे बाहेर पडले. जास्त भावासाठी म्हाताऱ्याने त्याच्या मामाची अडत सोडून गाडी दुसऱ्या अडतीकडे न्यायचे ठरवले होते. एवढ्यासाठी! पुढे आमच्या आखाड्याच्या वस्तादांनीही त्याला ओळखले. श्रीमंताघरचा हौशी शागीर्द.

भाचा माझ्या पाया पडायला वाकला. तोच हात, तसाच भुईला. मी पाय मागे घेतले.

जमादार म्हणाला, "हाना ना साहेब, काठी तं हाती आहे." हाणावीशी वाटत होती, खोटे कशाला बोलू? अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण वस्ताद सांगत, "काठी उचलनं कोनीबी शिकते. ठेवनं आलं, थोच खरा शागीर्द." मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि जबानी लिहायला बसलो.

राखणदार सुटला. जमादार निर्लज्जपणे म्हणाला, "सुटला ना? मंग काय बिघडलं?"

काय बिघडलं! मी राखणदाराची काठी त्याला परत दिली. त्याची मूठ मिटेना. दोनदा ती हातातून पडली, तेव्हा मीच उचलून त्याच्या काखेत दिली.

भाच्याचा हात नमस्कार शिकला आणि माणूस कोराच राहिला. जमादाराने तर आखाडा कधी पाहिलाही नव्हता, सरकारने त्याला नुसती काठी दिली होती. दोघांत जास्त धोक्याचा कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यातला एक फासावर गेला आणि दुसरा पेन्शन खातो आहे.